साडेचार हातांचा तारामासा

६ फेब्रुवारी

माननीय संशोधक महोदय यांस,

आपल्या नऊ वर्षांपूर्वीच्या लेखातील नमुन्यासंबंधी एक किरकोळ माहिती हवी असून, तरी कृपया

जाऊ दे. हे असं मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. ज्याचं शेंबडं नाक मी स्वतः पुसलंय त्याला महोदय म्हणायला जीभ रेटत नाही, पेन तर त्याहून नाही.

तर खेकड्या, मी ताई. अक्षर ओळखलं असशीलच. पत्र बघून घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. दर रविवारी तुझ्याशी फोनवर बोलून झालं की ती मला ऐकू जाईल अशा आवाजात भिंतीला सांगते, "तो बरा आहे हो, कोणी विचारलं नसलं तरी." मी तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत असते. नऊ वर्षांत इतक्या घड्या घातल्यात की आता कपाटात कपडे कमी आणि घड्याच जास्त आहेत.

कामाचं बोलते. ३१ मार्चला मी निवृत्त होतेय. समुद्री जीवांचा सगळा संग्रह, म्हणजे अकरा हजार बरण्या, पक्षी विभागातल्या एका गृहस्थांच्या ताब्यात द्यायचाय. माणूस सज्जन आहे, पण आयुष्य गेलं पेंढा भरलेल्या पाखरांत. पहिल्या दिवशी स्पिरिटच्या वासानं भोवळ आली आणि माझ्याच खुर्चीत बसले. मी त्यांना पाखरूसाहेब म्हणते, अर्थात मनातल्या मनात. आम्ही एकेक कपाट घेतो. ते नोंदवही मोठ्यानं वाचतात, मी बरणी उजेडाला धरून बघते, जुळलं की ते पेन्सिलीनं खूण करतात. असं आमचं पारायण चाललंय.

विचारायचं होतं ते एवढंच, की आईच्या नावाच्या त्या तारामाशाचं तू जे वर्णन केलंयस, त्यात हातांबद्दल काय लिहिलं आहेस? पाचही पूर्ण, की काही कमी? माझ्याकडची लेखाची प्रत सापडत नाहीये. विशेष काही नाही, सहज विचारलं.

ताई

ता. क. उत्तराची घाई नाही. आठवड्याभरात आलं तरी चालेल.


१९ फेब्रुवारी

खेकड्या,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी भाऊ बहिणीला लिहितो आणि अख्ख्या कार्डावर एकच शब्द, "साडेचार". वर ताई नाही, खाली सही नाही. पोस्टमनसुद्धा म्हणाला, बाई, बाकीचं पुसलं गेलं की काय. आईनं कार्ड चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि तू साडेचारला येतोयस असं समजून दूध जास्त घेतलं. मग तिला सांगावं लागलं की हे हातांबद्दल आहे. कोणाच्या हातांबद्दल, हे मात्र मी टाळलं.

साडेचार. बरं. आभारी आहे.

इकडे सगळं ठीक. पाखरूसाहेबांना आता भोवळ येत नाही, नुसती ढेकर येते. आम्ही बाविसाव्या कपाटापर्यंत आलोय. संचालकांनी माझ्या निरोपाचं भाषण आत्ताच टाईप करून ठेवलंय आणि तारखा तपासायला मला वाचायला दिलं. छान लिहिलंय.

आणि हो, माझ्याकडची प्रत हरवलेली नव्हती. ती टेबलाच्या वरच्या खणात असते. उगाच खोटं बोलले.

ताई


२७ फेब्रुवारी

खेकड्या,

आता ऐक, आणि मधे बोलू नकोस. पत्रात मधे बोलता येत नाही म्हणूनच तर पत्र लिहितेय. फोनवर मला तुझ्याशी फक्त भांडता येईल.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला एकदा ओळीनं लिहू दे. आजवर मी ही हकीगत प्रत्येकाला माझ्याच बाजूनं सांगत आलेय.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या कपाटातल्या बटणाएवढ्या अंगाच्या, दोऱ्यासारख्या हातांच्या एका तारामाशाला तू नवी जात ठरवलंस. त्याचा एक हात अर्धा होता, तुटून पुन्हा फुटत असलेला. बरणीतली चिठ्ठी म्हणत होती की हा जहाजाच्या जाळ्यात नऊशे मीटर खोलीवर सापडला. तू तसं छापलंस आणि त्याला आईचं नाव दिलंस. मग दोन जहाजं त्याच जागी त्याला शोधायला गेली. टनभर गाळ उपसला, पण तारामाशाचा एक हातसुद्धा मिळाला नाही. लोक हसायला लागले. इथल्या सभेत तू म्हणालास की कदाचित बरणीतच काहीतरी गडबड झाली असेल. त्यावर मी उभी राहिले आणि तुझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या बरण्यांत चूक होत नाही. संशोधकांनी डोळे तपासून घ्यावेत."

टाळ्या पडल्या होत्या त्या वाक्याला. मला आवडल्याही होत्या. महिन्याभरात तू सामान बांधलंस आणि त्या बेटावरच्या केंद्रावर निघून गेलास. पुस्तकांमध्ये आईच्या नावापुढे ‘संशयास्पद’ असं छापून यायला लागलं. आई अजून कुरकुरते, की एवढ्या मोठ्या समुद्रात माझ्या नावाचं एकच जनावर, आणि तेही संशयास्पद.

आता ४ फेब्रुवारीचं. सतरावं कपाट, खालचा कप्पा. पाखरूसाहेब चाळीस वर्षांपूर्वीची नोंद वाचत होते. बंदराचा धक्का, खांबावरून, पाणी गुडघाभर, लहान तारामासा एक, एक हात अर्धा, नव्याने फुटलेला. मी बरणी उजेडाला धरली आणि हात मोजले. पाच. झाकण उघडून चिमट्यानं उलटा केला, पुन्हा मोजले. पाचच्या पाच पूर्ण, टोकापर्यंत. पाखरूसाहेब म्हणाले, वाढला असेल की एवढ्या वर्षांत. मी म्हटलं, साहेब, चाळीस वर्षं स्पिरिटमध्ये आहे तो, मेलेल्याला हात फुटत नाहीत. ते खूण करायला निघाले होते, मी त्यांची पेन्सिल धरली आणि त्यांना चहाला पाठवून दिलं.

मला तिथंच कळलं होतं, खेकड्या. तुला विचारलं ते नुसतं हात दाखवून अवलक्षण. तुझ्या लेखाआधी तुला त्या कपाटातल्या सगळ्या लहान तारामाशांचे फोटो हवे होते. मोठा दिवा दुसऱ्या विभागातून चार वाजेपर्यंतच मिळाला होता, आणि पावणेचारला दोन बरण्या राहिल्या होत्या. मी दोन्ही एकदम उघडल्या. एकाच ट्रेमध्ये दोघांना ठेवलं, शेजारी दोघांच्या चिठ्ठ्या. स्पिरिटनं रंग खाल्लेला, दोघंही सारखेच पांढरे. आणि मी एकाची चिठ्ठी दुसऱ्याला लावली. खोल समुद्रातला धक्क्याच्या बरणीत गेला आणि धक्क्यावरचा नऊशे मीटरवाल्या बरणीत. तू ज्याला आईचं नाव दिलंस तो धक्क्यावरचा.

आमच्या दारावर पाटी आहे, एका वेळी एकच बरणी. ती मी लिहिली आहे. वर्षाला दहा-वीस जणांना मी त्या पाटीखाली उभं करून झापते.

चूक माझी होती. लिहिलं बघ. मला लाज वाटते, आणि ती चुकीपेक्षा त्या वाक्याची जास्त वाटते.

अजून कोणालाही सांगितलेलं नाही. पाखरूसाहेबांना म्हटलं, ही बरणी बाजूला ठेवू, उद्या बघू. त्या उद्याला आज तेवीस दिवस झाले. दुरुस्ती करायची तर ती ३१च्या आत, माझ्या सहीनं. नंतर माझी सही चालणार नाही आणि आईचा तारामासा कायमचा संशयास्पद राहील. आणि भाषणातली तिसरी ओळ अशी आहे: ‘एकतीस वर्षांत ज्यांच्या हातून एकही नोंद चुकली नाही.’ वाचून मी कागद घडी घालून परत दिला. तारखा बरोबर आहेत, मी म्हणाले.

तू काय म्हणतोस ते कळव. शिव्या दिल्यास तरी चालतील.

ताई


१४ मार्च

खेकड्या,

तुझं उत्तर नाही. दोन आठवडे पोस्टमनला दारात अडवतेय. तो आता समोरच्या फुटपाथवरून जातो.

हात बांधून बसणं माझ्यानं होत नाही हे तुला ठाऊक आहे. मी विचार केला, नोंदवही खरी धरली तर आईचा तारामासा बंदराच्या धक्क्याखाली असायला हवा. संग्रहालयापासून सात मिनिटं. जिथं बसून मी एकतीस वर्षं दुपारचा डबा खाते. दोन जहाजं, टनभर गाळ, आणि काखेत कळसा गावाला वळसा.

एकटीनं जाण्यात अर्थ नव्हता, कमरेचं दुखणं आहे, म्हणून पाखरूसाहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं माणूस हादरेल. ते उलट म्हणाले की त्यांनी तरुणपणी घाईत एका पाखराला दुसऱ्याचीच शेपूट चिकटवली होती. अठरा वर्षं ते पाखरू पहिल्या दालनात काचेआड आहे, शाळेच्या सहली त्याचं चित्र काढून नेतात. मी इतकी हसले की बाजूच्या खोलीतले लोक बघायला आले. कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

काल सकाळी ओहोटी मोठी होती. आईला कळलं की आम्ही तिच्या नावाचं जनावर शोधायला जातोय, मग ती घरी बसते थोडीच. तिला टॅक्सीनं नेलं, धक्क्यावर घडीची खुर्ची टाकून दिली, हातात छत्री. वरून ती आम्हाला सूचना देत होती. तिकडे बघा, तिकडे नीट बघितलं नाहीत, साहेब तुमचा सदरा भिजतोय. आम्ही दोघं खाली गुडघाभर चिखलात, हातात जुने चमचे. पहिला खांब, नुसतं शेवाळ. दुसऱ्यावर कालवं घट्ट चिकटलेली. मी एक कालव चमच्यानं उचकटलं आणि फटीतून एक हात बाहेर आला. मग दुसरा. हलवत होता, कोण आहे बाहेर म्हणून विचारावं तसा.

एका खांबावर चौदा मोजले. त्यातल्या तिघांना अर्धे हात. खेकड्यांना खायला मिळत असणार, म्हणजे खऱ्या खेकड्यांना. आणि रंग बघायला हवा होतास तू. बरणीतला तो फिकट चेहरा विसर. पाठीवर गर्द हिरवा, हातांना तपकिरी पट्टे, मधोमध एक नारिंगी टिपका. नऊ वर्षं मी त्याला पांढरा समजत होते.

तुझं वर्णन आणि भिंग घेऊन तिथंच बसले, चिखलात. खवले, काटे, तोंडाजवळचे दात, सगळं शब्दाला शब्द जुळलं. तुझ्या लेखात एकही ओळ चुकलेली नाही, रे. जनावर खरं, नाव खरं, फक्त पत्ता चुकीचा, आणि तो मी दिलेला. मला रडू आलं, आणि नाक पुसायला एक हात धड स्वच्छ नव्हता. पाखरूसाहेब दुसरीकडे बघत राहिले.

एक बशीत घालून वर आईला नेला. तिनं भिंगातून बराच वेळ पाहिला. म्हणाली, एवढुसाच? मग म्हणाली, पण चपळ आहे हो, अंगात आळस नाही. त्याला परत पाण्यात सोडल्याशिवाय ती टॅक्सीत बसायला तयार होईना. नमुने म्हणून आम्ही दुसरे चार घेतले, तिला न सांगता.

टॅक्सीत ती म्हणाली, "त्याला कळवलंस का?" मी म्हटलं, कळवलंय, तो बोलत नाही. ती म्हणाली, "मग तू बोलत राहा. नऊ वर्षं तो मला दर रविवारी विचारतो, ताई कशी आहे. मी तुला सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस."

मी घरापर्यंत चमचे पुसत बसले. स्वच्छ झाले तरी.

ताई


२७ मार्च

खेकड्या,

तुझं पत्र परवा आलं. चार पानं. मी ती स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली, मग बसून वाचली, मग इतकी संतापले की आईनं शेगडी बंद केली.

तुला ठाऊक होतं. सात वर्षं. तुमच्या बेटावरच्या उतरण्याच्या पायऱ्यांखाली, कालवांच्या फटीत, अर्ध्या हाताचा तारामासा तुला दिसला आणि त्याच दिवशी तुला कळलं की ताईनं बरण्यांची अदलाबदल केली. एक पानाचं टिपण लिहिलं असतंस तर सगळं हसणं थांबलं असतं. आणि तू लिहिलं नाहीस, कारण त्याच वर्षी संग्रहप्रमुखाच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. ताईला ती जागा मिळू दे, मग बघू, असं म्हणालास. मला जागा मिळाली. मग खूप उशीर झाला. आणि मी हातांचं विचारलं तेव्हा तू लगेच ओळखलंस आणि तरी एका शब्दाचं कार्ड पाठवलंस, कारण मी स्वतःहून कुठवर येते ते तुला बघायचं होतं. बघितलंस?

अरे गाढवा, तुला कोणी सांगितलं होतं मला सांभाळायला? मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

तू लिहितोस, "सांगितलं असतं तर तू मानलं नसतंस, ताई. मग मला चारचौघांत तुला खोटं पाडावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं." हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही. स्वतःलाच चार वेळा वाचलं. खरं आहे. मानलं नसतं मी. तुझ्या हातात सात वर्षं माझी मान होती आणि तू साधी मूठ आवळली नाहीस. मी मात्र भर सभेत तुझे डोळे काढले होते.

आता तुझी सूचना. तू म्हणतोस, ताई, तू मुकाट्यानं निवृत्त हो, हारतुरे घे, भाषण ऐक. नंतर मी दोन ओळींत छापतो की जुन्या संग्रहात कधीतरी चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी, कोणाचं नाव न घेता. वाचून डोळ्यात पाणी आलं, आणि उत्तर आहे, नाही. कधीतरी नाही, १२ ऑगस्टला, पावणेचार वाजता. कोणाच्या तरी हातून नाही, माझ्या.

काल दुरुस्ती नोंदवली. दोन्ही बरण्या, दोन्ही नोंदी, तारीख, कारण आणि खाली माझी सही. कारणाच्या रकान्यात लिहिलं, दोन बरण्या एकदम उघडल्या. पाखरूसाहेबांनी साक्षीदार म्हणून सही केली, आणि लगेच दुसरा कागद काढून शेपटीची दुरुस्तीही लिहून टाकली. म्हणाले, आता नाही तर कधीच नाही.

मग संचालकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, खणातून भाषण काढलं, आणि तिसऱ्या ओळीतलं ‘एकही नोंद चुकली नाही’ खोडून वर लिहिलं, ‘एकच नोंद चुकली’. एकच असेल याची मला खात्री नाही, पण ते मी राहू दिलं.

३१ला चार वाजता त्याच सभागृहात कार्यक्रम आहे. उत्तराच्या भाषणात मी तुझ्याबद्दल बोलणार आहे, तू असलास तरी आणि नसलास तरी. मला काही हार नको, शाल नको. मला तू यायला हवा आहेस. नऊ वर्षं हे लिहायचं होतं, आज लिहिलं.

ताई


१ एप्रिल, सकाळी सात

खेकड्या,

ही चिठ्ठी चहाच्या कपाखाली ठेवतेय. तू अजून झोपला आहेस. आई तासाभरापासून तुझ्या उशाशी बसलीय, तू घोरतोस म्हणून तक्रार करते आणि जागची हलत नाही.

काल तुला मागच्या रांगेत, खांद्याला पिशवी अडकवलेला बघितलं आणि माझं लिहून आणलेलं सगळं भाषण पळालं. म्हणून नुसतं म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वी इथंच उभं राहून मी एका संशोधकाला डोळे तपासायला सांगितलं होतं. त्याचे डोळे उत्तम होते. चूक मी केली होती." या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. लोकांना कळेना कुठं बघावं. तू तेवढा माझ्याकडे बघत होतास, आणि तुझे केस पिकलेत हे मला तेव्हा दिसलं.

रस्त्यात तू म्हणालास, सोड ना ताई आता. नाही सोडणार. हा विषय मी मरेपर्यंत काढणार आहे, तुलाही काढू देणार आहे. नऊ वर्षं मी बरोबर होते, आणि घरात रोज दोन ताटं मांडली जायची. काल चुकीची ठरले आणि तीन मांडली.

धक्क्यावर आहे. दुसऱ्या खांबापाशी. उठलास की चमचा घेऊन ये, आठनंतर पाणी चढेल.

ताई